‘सुपोषण’ वाईट कसं? पर्यावरणशास्त्रातल्या शब्दांविषयी तुमचे प्रश्न

या वेळी नववी-दहावीच्या मुलांचेच प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांची व्याख्या तोंडपाठ आहे, पण तो शब्द शेजारच्या शब्दापासून वेगळा कशाने, तिथे अडतं. म्हणून मी शब्द जोडीजोडीनेच घेते.

प्रश्न : भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ वेगळे शिकवतात. बातम्यांत मात्र ‘उद्याचं हवामान’ म्हणतात. पेपरात काय लिहू?

तुझा गोंधळ रास्त आहे. आज दुपारी ऊन, संध्याकाळी सर, ही झाली हवा. एखाद्या प्रदेशातल्या अशा नोंदींची दीर्घ काळाची सरासरी म्हणजे हवामान. जागतिक हवामान संघटना त्यासाठी साधारण ३० वर्षांचा काळ धरते. बातम्यांतलं ‘उद्याचं हवामान’ शास्त्राच्या भाषेत हवाच असते, तेव्हा पेपरात शास्त्रातला अर्थ लिही. ‘यंदा थंडी कडाक्याची होती, मग कुठली तापमानवाढ?’ असं कुणी विचारलं तरी हाच फरक कामाला येतो. एक हिवाळा म्हणजे हवा.

प्रश्न : ओझोनला छिद्र पडल्यामुळे उष्णता आत येते आणि पृथ्वी तापते, असं लिहिलं तर गुण मिळाले नाहीत. का?

कारण तू दोन गोष्टी एकत्र केल्यास. ओझोनचा थर मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो आणि सूर्याची अतिनील किरणं शोषतो. क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे तो विरळ होतो. ‘छिद्र’ म्हणजे हाच विरळ झालेला भाग. ही रसायनं रोखण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला.

तापमानवाढीची वाट वेगळी आहे. उन्हाने तापलेली जमीन अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता परत सोडते. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन ती शोषतात आणि तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवतात. हा हरितगृह परिणाम. त्याला शत्रू समजू नकोस. तो नसता तर पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस असतं. आज ते १५ अंशांच्या आसपास आहे. बिघडलंय ते प्रमाण. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. म्हणून ‘हरितगृह परिणाम’ आणि ‘जागतिक तापमानवाढ’ हेही एकाच अर्थाने वापरू नकोस.

प्रश्न : ‘सुपोषण’ म्हणजे चांगलं पोषण. मग ते प्रदूषणाच्या धड्यात कसं?

हा प्रश्न मला फार आवडला. चांगलं पोषण होतं, पण शेवाळाचं! दरवर्षी मी वर्गात तळ्याच्या पाण्याच्या दोन बरण्या उन्हाच्या खिडकीत ठेवते आणि एकीत चिमूटभर खत टाकते. थोड्याच दिवसांत ती हिरवीगार होते, काचेलाही हिरवट थर धरतो. मुलं खूश होतात. पुढे तेच शेवाळ मरून तळाशी बसतं आणि झाकण उघडलं की नाक धरावं लागतं.

तळ्यातही हेच घडतं. शेतातून, सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, शेवाळ माजतं, मरतं. ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. बीओडी म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या याच ऑक्सिजनचं माप, सहसा २० अंश सेल्सिअसला ५ दिवसांत मोजलेलं. पाण्यात किती ऑक्सिजन ‘आहे’ ते बीओडी सांगत नाही, किती ‘लागेल’ ते सांगतं. म्हणून बीओडी जास्त, तर पाणी खराब. इथे निम्मा वर्ग उलटं लिहितो.

प्रश्न : जैवसंचय आणि जैवविशालन एकच ना?

नाही. एकाच माशाच्या शरीरात आयुष्यभर विष साठत जातं, तो जैवसंचय. अन्नसाखळीत एकेक पायरी वर जाताना त्या विषाचं प्रमाण वाढतं, ते जैवविशालन. डीडीटी या कीटकनाशकाचं नेहमीचं उदाहरण पाहा: दर दहा लाख भागांत प्राणिप्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत) ०.०४, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५ भाग. डीडीटी चरबीत विरघळतं, लवकर मोडत नाही आणि सहज बाहेरही पडत नाही. लहान माशांनी साठवलेलं मोठ्याच्या वाट्याला येतं. अशा पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटू लागली.

प्रश्न : अपारंपरिक ऊर्जा म्हणजेच नवीकरणीय ऊर्जा का?

बऱ्याचदा, पण नेहमी नाही. सरपण पारंपरिक आहे, तरी झाडं पुन्हा वाढतात म्हणून ते नवीकरणीय. अणुऊर्जा अनेक पुस्तकांत अपारंपरिक गटात असते, पण युरेनियमचे साठे पुन्हा भरत नाहीत.