बासष्ट हजारांची सिक्युरिटी सिस्टीम घ्यावी का? आधी आमच्या घरी काय झालं ते वाचा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की आई-बाबा इंदूरला राजेंद्र नगरात दोघंच असतात, तुम्ही बेंगळुरूला. दिवाळीत ते महिनाभर तुमच्याकडे येणार आहेत, मागच्या महिन्यात त्यांच्या गल्लीत दोन बंद घरं फुटली आणि एका कंपनीनं चार कॅमेरे, दारांचे सेन्सर, सायरन आणि वर्षभराचं मॉनिटरिंग मिळून ६२,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. घ्यावं की नाही, हा प्रश्न. त्यात एक वाक्य आहे, "निदान मोबाईलवर घर दिसत राहील." ते वाचलं आणि मला पुढचं वाचवेना. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी अगदी हेच म्हटलं होतं. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी या धंद्यातली नाही. शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. विमा आणि कायद्याबद्दल जे लिहीन ते स्वतःच्या फायलीतून शिकलेलं आहे, तेव्हा शेवटचा निर्णय जाणकाराला विचारूनच घ्या. चांगलं कुलूप, पेपर-दूध बंद करणं, प्रवासाचे फोटो लगेच न टाकणं, जाताना ठाण्यात आणि शेजारी सांगून जाणं हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

आमचं घर सुदामा नगरात, तळमजला आणि मागे धुण्याभांड्यांची जागा. ८ फेब्रुवारीला चार कॅमेरे बसवले, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणारं यंत्र) टीव्हीखालच्या कपाटात. बसवणारा मुलगा चांगला होता, काम नीट केलं, मोबाईलवर ॲप घालून दिलं. बारा दिवसांनी, २० तारखेला सकाळपासून त्या कपाटातून आवाज यायला लागला. टीं, थोडं थांबून परत टीं. सासूबाईंची दुपारची झोप त्याच खोलीत. त्या तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या आणि आवाजानं अगदी बेजार झाल्या. मी ॲप उघडून पाहिलं, चारही चित्रं स्वच्छ दिसत होती. मग त्या मुलाला फोन केला, "सगळं चालू आहे, फक्त तो आवाज तेवढा बंद करून दे." तो संध्याकाळी स्कूटरवर आला, मेनूत जाऊन एक खूण काढली, आवाज थांबला. पाच मिनिटांचं काम. पैसेही घेतले नाहीत.

तो आवाज का येत होता हे त्यानं पाहिलं नाही, मी विचारलं नाही.

मे महिन्यात पुण्याला भाचीच्या मुलाची मुंज होती. सासूबाईंना घेऊन आम्ही सगळेच चार दिवसांसाठी गेलो. मांडवात बसून मी नातेवाइकांना मोबाईल दाखवत होते, हे बघा आमचं अंगण, ही तुळस, ही ह्यांची स्कूटर. तिसऱ्या रात्री घर फुटलं. सकाळी शेजारच्या काकूंना मागचं दार उघडं दिसलं, त्यांनी फोन केला. अक्षय्य तृतीयेला लॉकरमधून काढलेले दागिने "मुंजीहून आल्यावर ठेवू" म्हणून कपाटातच राहिले होते. सासूबाईंच्या चार तोळ्यांच्या पाटल्या, मोहनमाळ, नथ, माझ्या दोन बांगड्या.

पोलिसांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधी सांगते. हेड कॉन्स्टेबल पेनड्राइव्ह घेऊनच आले होते. डीव्हीआरला टीव्ही जोडला, प्लेबॅक उघडला. त्यात महिन्याचं कॅलेंडर येतं आणि ज्या दिवसाचं रेकॉर्डिंग असतं त्या तारखेच्या कोपऱ्यात छोटी निळी खूण असते. मे कोरा. एप्रिल कोरा. मार्च कोरा. फेब्रुवारीत ८ पासून २० पर्यंत निळ्या खुणा, पुढे काही नाही. ते म्हणाले, "मैडम, इसमें तो फरवरी के बाद कुछ है ही नहीं." मी ॲप उघडून त्यांना दाखवत राहिले की बघा, चालू आहे, आत्ता आपण दोघं दिसतोय.

मोबाईलवर घर दिसणं आणि घराचं रेकॉर्डिंग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क भरली, बिघडली, अगदी काढून नेली तरी मोबाईलवर थेट चित्र दिसतच राहतं. आमची डिस्क बिघडलेलीही नव्हती. भरल्यावर जुनं पुसून नवं लिहायचं, ही 'ओव्हरराइट'ची खूण सेटिंगमधून निघालेली होती. त्यामुळे डिस्क भरली, लिहिणं थांबलं आणि यंत्र तेच सांगायला वाजत होतं. हिशेब तर मला वहीत मांडून करता आला असता. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटनं लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात, चार कॅमेऱ्यांचे ८६ च्या वर. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. बाराव्या दिवशी आवाज आला. तुमचे आई-बाबा महिनाभर नसणार, म्हणजे एवढ्याच डिस्कवर ओव्हरराइट चालू असूनही पहिल्या आठवड्यातली चोरी ते परत येईपर्यंत पुसली गेलेली असेल. कोटेशनमध्ये डिस्क किती टीबीची आहे ते आधी बघा. चार टीबी मागा, ती दीड महिना पुरते.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला, बेंगळुरूत बसून, थेट चित्र नाही तर प्लेबॅक उघडा. काल रात्री दोन वाजताचं रेकॉर्डिंग चालवून बघा, कोपऱ्यातली वेळ बरोबर आहे का तेही बघा. यंत्र वाजलं तर आई-बाबांनी ते बंद न करता तुम्हाला फोन करावा, हे त्यांना आजच सांगून ठेवा.

आता विम्याचं. आमची घरफोडीची पॉलिसी होती, दागिने ३ लाखांना धरलेले. कंपनीचं नाव घेत नाही. चोर मागच्या दाराशेजारच्या झरोक्यातून हात घालून, आतली कडी काढून आला होता. झरोक्याला डासांची जाळी होती, तिची ॲल्युमिनियमची पट्टी त्यानं पेचकसानं उचकटली आणि जाताना परत दाबून ठेवली. रंगावर नखाएवढे दोन ओरखडे, बस. सर्व्हेअर पाचव्या दिवशी आले, फोटो काढले, म्हणाले, तोडफोड कुठे आहे? मी ओरखडे दाखवले. ते जुनेही असू शकतात, म्हणाले. चार महिन्यांनी पत्र आलं, बळजबरीनं शिरल्याच्या खुणा नाहीत, दावा नामंजूर.

आम्ही उत्तर दिलं की पोलिसांनी एफआयआरमध्ये कलम ४५७ आणि ३८० लावलंय, म्हणजे घरफोडीच. (आता नव्या भारतीय न्याय संहितेत ते ३३१ आणि ३०५ झालंय.) त्यावर कार्यालयातून सांगण्यात आलं की फौजदारी कायद्यातली घरफोडी वेगळी आणि पॉलिसीतली वेगळी. मला आधी ही पळवाट वाटली, पण ते खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये हेच ठरवलंय, पॉलिसीत 'बळाचा वापर करून' असे शब्द असतील तर तेच लागू, फौजदारी कायद्याची व्याख्या चालत नाही. म्हणजे तो माणूस पट्टी उचकटताना दिसणं हाच आमचा पुरावा होता. आमचा तीन नंबरचा कॅमेरा बरोबर त्या झरोक्याकडे तोंड करून आहे. तो रात्रभर बघत होता आणि काहीही लिहून ठेवत नव्हता.

त्यानंतरचे तेरा महिने आठवले की अजून जिवाचा संताप होतो. "पुनर्विचार चालू आहे." "फाईल भोपाळला आहे." "साहेब रजेवर आहेत." प्रत्येक वेळी वेगळं टेबल आणि सगळं तोंडी. पोलिसांचा खात्मा रिपोर्ट (तपास बंद केल्याचा अहवाल) मागितला, तो आणून दिला, दोन महिन्यांनी परत मागितला. ह्यांनी गुडघेदुखी घेऊन तीन जिने चढायचे, कारण लिफ्ट बंद. कुणीही आम्हाला सांगितलं नाही की विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मध्य प्रदेशासाठी ते कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. पण कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षात जायचं असतं. आम्हाला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि हातात पुरावाही नव्हता. सोडून दिलं. म्हणून, देव करो आणि तशी वेळ न येवो, पण आली तर पहिल्या नकाराच्या पत्रावर तारीख मोठ्या अक्षरात लिहा, कंपनीला लेखी तक्रार करा आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर सरळ लोकपालाकडे जा. तोंडी आश्वासनावर एक दिवसही थांबू नका.

गृहकर्जाबरोबर मिळालेली पॉलिसी असेल तर तिच्यावर विसंबू नका. एप्रिल २०२१ पासून घरासाठी जी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी मिळते, तिच्यात मुळात आग, पूर, भूकंप वगैरेंचं संरक्षण असतं. चोरी फक्त अशा घटनेमुळे आणि तिच्यापासून सात दिवसांत झाली तर धरतात. घरफोडीसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. दागिन्यांचंही तसंच. आणि घर सलग तीस दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर काय, हे पॉलिसीत शोधा, कारण तुमचा बेत नेमका महिन्याचा आहे.

आता बासष्ट हजार. माझं मत विचाराल तर कॅमेरे घ्या, दारांचे सेन्सर आणि सायरन घ्या, वर्षभराचं मॉनिटरिंग घेऊ नका. विक्रेत्याला एकच विचारा, रात्री दोन वाजता सिग्नल आल्यावर तुमचा माणूस नेमकं काय करतो? आम्ही नंतर दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे उत्तर "तुम्हाला फोन करतो" असंच. तेवढं ॲपही करतं. पुढे शेजाऱ्यांना आणि ११२ ला फोन तुम्हालाच करायचाय. कुणी खरोखर माणूस पाठवत असेल तर माझं मत बदलेल. दाराचा चुंबकी सेन्सर मात्र स्वस्त आणि कामाचा, तो दार उघडताक्षणी वाजतो. अंगणातला हालचालीचा सेन्सर मांजरांवरही वाजतो, आणि दोन-तीनदा उगाच वाजला की गल्लीतलं कुणी उठून बघत नाही.

कॅमेऱ्यांत एक गणित बघा. दोन मेगापिक्सेलचं चित्र १,९२० ठिपके रुंद असतं. अनोळखी चेहरा पटायला मीटरला २५० ठिपके लागतात असं मानक आहे, म्हणजे साडेसात मीटर रुंदीपर्यंतच चेहरा पटेल. नेहमीचं २.८ मिलिमीटरचं भिंग तीन-सव्वातीन मीटरवरच एवढा पट्टा व्यापतं. त्यापलीकडचा अनोळखी माणूस खात्रीनं ओळखू येत नाही. तेव्हा फाटकावर आणि मागच्या दारावर अरुंद कोनाचं भिंग मागा आणि कॅमेरा फार उंच लावू देऊ नका, नाहीतर टोपीच दिसते. सरकारनं एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केलीय, तिचं प्रमाणपत्र मागा. डीव्हीआर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा आणि डीव्हीआर माळ्यावर. टीव्हीखाली पहिला हात तिथेच जातो.

घराच्या आत कॅमेरा लावू नका, निदान आई-बाबांना विचारल्याशिवाय. आम्ही चोरीनंतर हॉलमध्ये एक लावला होता. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यावर टॉवेल टाकला. "मी माझ्या घरात पदर सावरून बसू का?" म्हणाल्या. त्याच दिवशी तो काढला. पाटल्यांबद्दल त्यांनी मला आजपर्यंत एक शब्द ऐकवलेला नाही.

दागिने असतील तर त्यांना आधी लॉकरमध्ये ठेवायला सांगा, दिवाळीच्या गर्दीआधी. जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की चोरी, आग किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. सोन्याची पूर्ण किंमत त्यात निघेलच असं नाही, पण कपाटापेक्षा केव्हाही बरं.

या सगळ्याच्या आधी एक काम करा, पैसे लागत नाहीत. बाबांना मागच्या दाराबाहेर उभं करा, आईला दार आतून लावून घ्यायला सांगा, आणि बाबांना शेजारच्या खिडकीतून किंवा झरोक्यातून हात घालून बघायला सांगा, कडी हाताला लागते का. आमच्या घरी ह्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि कडी बोटांत आली. आता तिथे कडीच्या खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, लोखंडी अडसर आहे. सुतार आणि लोहार मिळून ९०० रुपये झाले. तुमच्याकडे हात पोचत असेल तर दिवाळीची वाट बघू नका, याच रविवारी करून घ्या. कोटेशन टाकलंत तर त्यातली डिस्क आणि भिंगं मी बघून सांगेन.