आजचे स्कॉटिश लोक आपल्या मुलखातल्या जगण्याविषयी काय सांगतात?

तुम्ही विचारलंय की किल्ले, किल्ट आणि व्हिस्की सगळ्यांनाच माहीत आहे, पण तिथली साधी माणसं स्वतःच्या देशाबद्दल बोलायला लागली की काय बोलतात?

मी दक्षिण स्कॉटलंडमध्ये, इंग्लंडच्या सीमेलगत राहते. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम. गुडघा हळूहळू वाकवून घेताना माणसं बोलतात, आणि वयस्कर माणसं तर मनापासून बोलतात. ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. पाऊस आणि फुटबॉल यांवर बोलून झालं की इथल्या माणसाची गोष्ट जमिनीवर येते. ती कुणाची होती, आमच्या पूर्वजांना तिथून कुणी उठवलं, आणि आता ती परत गावाच्या हाती कशी येतेय.

याला तसं कारणही आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरएक वर्षं उत्तरेकडच्या हायलँड्समध्ये जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी गावंच्या गावं उठवली. माणसं किनाऱ्यावर गेली, ग्लासगोच्या कारखान्यांत गेली, कॅनडाच्या जहाजांत चढली. १८८६ मध्ये क्रॉफ्टर म्हणजे तिथल्या छोट्या कुळांसाठी कायदा झाला. त्यामुळे वहिवाट टिकली आणि मनमानी खंडवाढ थांबली, पण मालकी जमीनदाराचीच राहिली. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आणि १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला मालक केलं. तसं इथे झालं नाही. सरंजामी जमीनधारा कायद्याने संपली ती थेट २००४ मध्ये! खासगी ग्रामीण जमिनीपैकी जवळजवळ निम्मी पाचशेपेक्षाही कमी मालकांकडे आहे, असं आजही सांगितलं जातं.

माझ्या भागातलंच उदाहरण देते. लँगम नावाचं एक छोटं गाव आहे, एकेकाळी लोकरीच्या कापडगिरण्यांचं. माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एक बाई त्या गिरणीत कामाला होत्या. (मी त्यांना नावानेच हाक मारते, इथे पंच्याऐंशीच्या माणसालाही नावानेच हाक मारतात.) भोंगा झाला की सगळा रस्ता बायकांनी भरून जायचा, हे त्या हातवारे करून सांगतात. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, तरुण मुलं कार्लाइलला, एडिनबरोला गेली. गावाभोवतीचा डोंगराळ माळ मात्र बक्लू या उमराव घराण्याच्या इस्टेटीचा होता. २०१९ मध्ये त्यांनी तो विकायला काढला आणि गावाने ठरवलं की आपण घ्यायचा. दोनेक हजार वस्तीचं गाव, आणि किंमत लाखो पौंडांत. सरकारच्या जमीन निधीतून पैसे आले, संस्थांनी दिले, जगभरातून लोकांनी ऑनलाइन वर्गणी पाठवली. मार्च २०२१ मध्ये ५,२०० एकर ३८ लाख पौंडांना गावाच्या संस्थेकडे आले आणि पुढच्या वर्षी आणखी ५,३०० एकर. आज तिथे टॅरस व्हॅली नेचर रिझर्व्ह आहे. या बाई खुर्चीतूनच खिडकीबाहेर बोट दाखवून सांगतात, ‘तो डोंगर आता आमचा.’ वयाच्या ऐंशीनंतर पहिल्यांदा असं म्हणता आलं, हे त्यांनी मला एकदा नाही, बऱ्याचदा सांगितलंय, आणि दर वेळी मला ते तितकंच आवडतं.

याच गावाच्या डोक्यावर व्हिटा नावाची टेकडी आहे आणि तिच्यावर एक उंच दगडी स्तंभ. तो सर जॉन माल्कमचा. जन्म १७६९, याच परिसरातला. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमकडे. आठ लाखांचा तनखा त्यानेच ठरवला. पुढे १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर, आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची. गावात मी हे सांगते तेव्हा लोक चकित होतात. त्यांच्या लेखी तो इथल्या एका मोठ्या कुटुंबातला मुलगा, माझ्या लेखी पेशवाईचा शेवट लिहिणारा माणूस. एकाच खांबाखाली उभं राहून दोन वेगळे इतिहास सांगता येतात, आणि ते दोन्ही ऐकून घेतले जातात, याचं मला फार समाधान आहे.

जमिनीची ही गोष्ट लँगमला दरवर्षी जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी घोड्यावर बसून सांगतात. तिला कॉमन रायडिंग म्हणतात. १७५९ मध्ये एडिनबरोच्या कोर्टाने गावाच्या सामाईक जमिनीच्या हद्दी ठरवून दिल्या. त्या हद्दी कुणी गिळू नयेत म्हणून फिरून बघायची पद्धत पडली, ती आजतागायत चालू आहे. पहाटे पाचला बासरीचं पथक गावाला उठवतं. गावाने निवडलेला तरुण, ज्याला कॉर्नेट म्हणतात, तो निशाण घेऊन पुढे असतो. चर्चजवळच्या अरुंद चढावरून घोडे भरधाव वर जातात तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटून उभं राहावं लागतं, खुरांखालचा दगड कानाशी वाजतो. मिरवणुकीत एका लाकडी फळीवर जवाची भाकरी आणि खारवलेला मासा चक्क खिळ्याने ठोकलेला असतो. हद्दीच्या खुणेची माती उकरायला कुदळही सोबत असते. लहान मुलं हीदरच्या झुडपाचे खराटे खांद्यावर घेऊन चालतात. पर्यटकांसाठी यात काहीच नाही. परदेशात गेलेली मुलं ख्रिसमसला एक वेळ येत नाहीत, पण या शुक्रवारी येतात.

पश्चिमेच्या एग बेटावरची माणसं भेटली की वेगळीच गोष्ट ऐकायला मिळते. ते बेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जायचं. घरांचे भाडेकरार पक्के नसायचे, त्यामुळे छप्पर दुरुस्त करायचीही भीती. दुरुस्त केलं आणि उद्या बाहेर काढलं तर? १२ जून १९९७ ला रहिवाशांच्या ट्रस्टने ते विकत घेतलं. तेव्हा वस्ती होती पासष्टच्या आसपास, आज शंभरावर आहे. तोपर्यंत घरोघरी डिझेलचे जनरेटर असायचे. २००८ मध्ये त्यांनी पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीज उभी केली. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉट, त्यापुढे गेलात की फ्यूज उडतो. बेटावर वाढलेल्या एका मुलीने मला सांगितलं की किटली, वॉशिंग मशीन आणि ओव्हन एकदम लावायचे नाहीत हे तिला पाढ्यांआधी कळलं. वीज जास्त झाली तर ती बेटाचं सभागृह गरम करायला जाते. मला हे फार आवडलं, कारण मर्यादा त्यांनी स्वतः बसून ठरवलीय.

सगळ्याच गोष्टी अशा मोकळेपणाने सांगितल्या जात नाहीत. मूळचे वायव्येकडच्या लुईस बेटावरचे एक गृहस्थ माझ्याकडे उपचार घेतात. त्यांच्या आजोबांचा भाऊ ‘आयोलेअर’ बोटीवर होता. पहिलं महायुद्ध संपलं होतं, खलाशी घरी परतत होते, आणि १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, स्टॉर्नोवे बंदर अगदी समोर असताना, बोट खडकांवर फुटली. दोनशेच्या वर माणसं गेली. घरात पुढची कित्येक वर्षं कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही, असं ते म्हणतात. त्यानंतरची गोष्ट मात्र ते आवेशाने सांगतात. युद्धावर जाताना ज्यांना जमिनीचं आश्वासन मिळालं होतं, त्यातल्या काहींनी परत आल्यावर मालकाच्या शेतांत घुसून ताबा घेतला. मालक होता साबणाचा उद्योगपती लॉर्ड लेव्हरह्यूम. १९२३ मध्ये त्याने बेट लोकांना देऊ केलं आणि स्टॉर्नोवे परगण्याने आपल्या वाट्याची जमीन स्वीकारली. ती सांभाळायला केलेला ट्रस्ट आजही आहे.

तरुण मुलांशी बोला, तर ती घराबद्दल बोलतात. स्कायसारख्या बेटांवर घरं सुट्टीसाठी येणाऱ्यांना भाड्याने दिली जातात, आणि तिथल्याच शाळेत शिकवणाऱ्या मुलीला भाड्याची खोली मिळत नाही. हाही जमिनीचाच प्रश्न आहे, फक्त पिढी बदललीय.

सणांबद्दल थोडंच सांगते. वर्षअखेरीचा हॉगमनेय इथे फार मोठा. ख्रिसमसला सार्वजनिक सुट्टी मिळाली तीच १९५८ मध्ये. मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं की वर्ष चांगलं जातं असं मानतात. आमच्या शेजारच्या काकू माझ्या नवऱ्याला बाराच्या आधीच बाहेर थंडीत उभं करतात. हातात टिश्यूत गुंडाळलेला कोळशाचा खडा आणि व्हिस्कीची छोटी बाटली. घड्याळाचे ठोके संपले की दार उघडतात आणि त्याला मिठी मारतात. बारामतीच्या पोराच्या पायगुणावर इथल्या एका घराचं वर्ष सुरू होतं!

तुम्हाला हे सगळं थेट त्यांच्याच आवाजात ऐकायचं असेल, तर एडिनबरो विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून गावोगाव फिरून केलेली ध्वनिमुद्रणं ‘टोबर अन दुअल्खस’ या संकेतस्थळावर आहेत. हजारो गोष्टी, गाणी, आठवणी, फुकट. गेलिक ही इथली जुनी भाषा कळत नसेल तर स्कॉट्स भाषेतल्या आणि इंग्रजीतल्या आधी घ्या. आणि प्रत्यक्ष येणार असाल तर लँगमला जुलैच्या शेवटच्या गुरुवारी रात्रीच मुक्कामाला या. शुक्रवारी सकाळी निघालात तर निम्मं चुकेल.