निसर्गचित्रण, प्रकृतिचित्रण की स्थळचित्र?

ताई, तुमचा प्रश्न असा : इंदूरला लालबागेत बसून मुलांनी झाडांची रेखाटनं केली, त्यांच्या प्रदर्शनाच्या फलकावर ‘निसर्गचित्रण’ लिहायचं की ‘प्रकृतिचित्रण’?

‘प्रकृतिचित्रण’ नको. हिंदीत तो शब्द सरळ आहे आणि इथे दिवसभर कानावर पडत असल्यानं आपल्यालाही खटकत नाही. पण मराठीत प्रकृती विचारतात ती माणसाची. सांख्य तत्त्वज्ञानातली प्रकृती किंवा ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ आपल्याकडे आहेच, तरी पुण्याहून आलेला पाहुणा फलक वाचून आधी दवाखाना शोधेल.

‘निसर्गचित्रण’ चुकीचं नाही, फक्त ढिलं आहे. काय काढलं ते त्यातून कळतं, कसं काढलं ते नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी हे घरात बसून काढलेलं चित्रही निसर्गचित्रच. तुमच्या मुलांचं तसं नाही. मनातून काढलेल्या झाडाला तपकिरी खांब आणि वर हिरवा ढग असतो. चिंचेसमोर बसलं की पानं मोजता येत नाहीत. मग डोळे बारीक करून उजेड-सावलीचे पुंजके धरावे लागतात, तोडलेल्या फांदीची गाठ दिसते, आणि खोड रंगवून होईस्तोवर सावली सरकलेली असते. हे सगळं शब्दात यायला हवं.

त्यासाठी ‘स्थळचित्र’ आहे : जागेवर जाऊन काढलेलं. (‘स्थलचित्र’ही चालतं, मूळ संस्कृत रूप तेच.) अडचण एवढीच, की आपल्या घरांत ‘स्थळ पाहायला जातोय’ म्हटलं की आजी पत्रिका काढते. हिंदीतलं ‘भूदृश्य’ एकट्या झाडाला मोठं होतं. त्यात जमीन, क्षितिज, विस्तार अपेक्षित आहे.

चित्रकार मंडळी बोलताना यातलं काहीच वापरत नाहीत. चित्रकार देवळालीकरांनी 1927 साली इथे इंदूरला चित्रशाळा सुरू केली, नामवंत चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथलेच विद्यार्थी. त्या गावात आजही मराठी चित्रकार ‘लँडस्केपला जातो’, ‘स्पॉटवर केलंय’ असंच म्हणतो. बोलण्यात मीही तेच म्हणतो.

फलकावर मात्र मी लिहीन, ‘झाडांसमोर बसून : लालबागेतली रेखाटनं’. ‘चित्रण’ गाळलं तरी चालेल. आणि प्रत्येक कागदाखाली झाडाचं नाव टाका, नुसतं ‘झाड’ नको.