फेदरस्टनहॉ: पीस नव्हे, चार दगड

तुमचे प्रश्न दोन: कादंबरीच्या भाषांतरात 'फेदरस्टनहॉ' हे आडनाव आलंय, त्याचा अर्थ 'पिसाचा दगड' धरावा का? आणि इंग्रज मित्र ते 'फॅन्शॉ' वाचतो, तर देवनागरीत काय लिहावं?

अर्थ आधी, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. पिसाचा इथे काडीचाही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत समासाच्या सुरुवातीला येणारं 'फेदर' म्हणजे चार. चतुष्पादाला 'फेदरफोट' म्हणत. आपला 'चार' आणि हा 'फेदर' मुळात एकाच घरचे! 'फेदरस्टान' म्हणजे चार दगडांची प्राचीन रचना: तीन उभे, त्यांवर आडवा चौथा.

शेवटचं 'हॉ' मला सगळ्यात आवडतं. मूळ शब्द 'हाल्ह', म्हणजे जमिनीचा कोपरा. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडात त्याचा अर्थ झाला नदीकाठची सपाट, गाळाची जमीन. आपण मळई म्हणतो तीच. जागाही अगदी तशीच आहे. नॉर्थम्बरलंडमध्ये हॉल्टविसल गावाजवळ साउथ टाइन नदीकाठी फेदरस्टन कॅसल आजही उभा आहे, आणि घराणं मूळचं तिथलं. म्हणजे आपल्या 'कर' लागणाऱ्या आडनावांसारखंच हे ठिकाणावरून पडलेलं नाव.

उच्चाराचं म्हणाल, तर बोलता बोलता मधली अक्षरं गळाली, लेखन तसंच राहिलं. पण सगळेच 'फॅन्शॉ' म्हणत नाहीत, काही जण पूर्ण उच्चारतात. पात्र जुन्या जमीनदार घराण्यातलं असेल तर मी 'फॅन्शॉ' लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला तळटीप देईन. एक सावधगिरी मात्र बाळगा: डर्बीशरचं 'फॅन्शॉ' हे आडनाव स्वतंत्र आहे. वंशावळ शोधताना दोन्हींची गल्लत केलीत, तर भलत्याच घरात पोचाल.

या आडनावाचा माझा आवडता माणूस भूगर्भशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम फेदरस्टनहॉ. 1848 च्या क्रांतीच्या वेळी तो फ्रान्समधल्या ल आव्र बंदरात ब्रिटिश कॉन्सल होता. पळून आलेल्या राजा लुई फिलिपला त्यानं आपला काका म्हणून बोटीवर चढवलं आणि इंग्लंडला धाडलं. राजासाठी नाव मात्र निवडलं 'स्मिथ'!