भारत फ्लोअरिंग्जचा इतिहास काय आहे? आणि जुन्या घरातल्या नक्षीच्या लाद्या ठेवाव्यात की काढून व्हिट्रिफाइड (भाजलेल्या, चकचकीत) टाइल्स घालाव्यात?

ठेवा. आधी हे सांगतो, बाकीचं मग.

कंपनी 1922 सालची. फिरोजशा सिधवा आणि त्यांचा पुतण्या रुस्तम, या दोघांनी उरणला कारखाना काढला. तेव्हा पैसेवाल्यांकडे लाद्या विलायतेहून यायच्या, देशात स्वदेशीचं वारं होतं, आणि यांनी ठरवलं की त्या तोडीची लादी इथेच करायची. ही लादी भाजत नाहीत, सिमेंटची असते. साच्यात धातूची जाळी ठेवून एकेका घरात वेगळा रंग ओततात, जाळी अलगद उचलतात, वर सिमेंट-रेती घालून प्रेसमध्ये दाबतात, मग पाण्यात मुरवतात. एकेक लादी हाताने!

आमच्या पेणच्या घरी माजघरभर अशा लाद्या होत्या, लाल-काळ्या, कडेने वेलीची पट्टी. आजी रोज नुसत्या पाण्याने पुसायची तरी दारातून ऊन आलं की चकाकायच्या. 2004 ला गणपतीआधी काकांनी रंगकाम काढलं आणि रंगाचे डाग पडले म्हणून कंत्राटदाराच्या माणसाने सरळ अ‍ॅसिड ओतलं. फेस आला. मी दारात उभा होतो, वीस वर्षांचा घोडा, पण बोललो नाही. लाद्या पांढुरक्या, खरखरीत झाल्या, काका म्हणाले "साठ वर्षं झाली, संपल्या आता", आणि दिवाळीच्या आत सगळ्या फोडून व्हिट्रिफाइड आली. त्यानंतर आजी माजघरात भिंतीला धरून चालायची.

घरी विषय निघाला की काका अजून तेच म्हणतात, जुन्या झाल्या होत्या. नव्हत्या झाल्या. सिमेंटची लादी पायाखाली वापरून गुळगुळीत होत जाते, तिला मारतं ते अ‍ॅसिड, कारण ते सिमेंटच खातं. म्हणून टॉयलेट क्लीनर, लिंबू, व्हिनेगर काही लावू नका. पाणी, फार तर सौम्य साबण. मिस्त्री "अ‍ॅसिड वॉश करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कळकट झाल्या असतील तर पाणी घालून हलकं पॉलिश करून घ्या, पण जपून, रंगाचा थर वरचा काही मिलिमीटरच असतो.

पुढे मोझॅक आलं, मग सिरॅमिक, व्हिट्रिफाइड, आणि नक्षीची लादी मागे पडली. पण कंपनी टिकली आणि जुनी डिझाइन्स तिने पुन्हा काढली, त्यामुळे चार-दोन फुटल्या असतील तर जुळत्या मिळतात का विचारून बघा.

जमीनच खचली असेल तर मात्र काढाव्याच लागतील, तेव्हा भिंतीकडून सुरुवात करून छिन्नीने सोडवा, घण नको. आणि हो, अशा लाद्या इतरही कारखाने करायचे. आमच्या लाद्या उरणच्याच होत्या असं आजोबा सांगायचे, पण फोडताना एखादी उलटी करून मागे कारखान्याची छाप आहे का बघावं हे कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही.