स्वस्त प्रिंटर खरंच स्वस्त पडतो का?

नुसती किंमत बघून ठरवू नका. समजा, ‘अ’ची किंमत 9000 आणि पानामागे खर्च 0.5; ‘ब’ची किंमत 3000 आणि पानामागे 2. एकूण पानं x धरली, तर ‘अ’ कधी परवडतो?

9000 + 0.5x < 3000 + 2x
6000 < 1.5x
x > 4000

महिन्याला 200 पानं छापत असाल तर 20 महिन्यांनंतर ‘अ’ फायद्यात. 50च छापत असाल तर 80 महिने लागतील. तेवढं यंत्र टिकेल का, ते आधी बघा.

x उजवीकडेच ठेवलाय, मुद्दाम. डावीकडे नेलात तर −1.5x < −6000 येतं आणि ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटवायचं हमखास राहून जातं.

खरी गोची सुट्या भागांची. ‘अ’चा ड्रम (कागदावर छपाई उमटवणारा फिरता भाग) दर 5000 पानांनी बदलावा लागत असेल आणि त्याला 3000 पडत असतील, तर ‘अ’च्या खर्चाची रेषा तिथे एकदम वर उडी मारते: 12000 + 0.5x < 3000 + 2x, म्हणजे x > 6000. थोडक्यात, 4000 ते 5000 पानांत ‘अ’ स्वस्त, ड्रम बदलल्यापासून 6000 पानांपर्यंत पुन्हा ‘ब’! म्हणून प्रत्येक टप्प्याची असमानता (वरच्यासारखी लहान-मोठेपणाची मांडणी) वेगळी मांडा. आणि यंत्रासोबत येणारं शाईचं काडतूस (कार्ट्रिज) बऱ्याचदा अर्धवट भरलेलं असतं, त्यावरून पानामागचा खर्च काढू नका.