गादा पाहायचाय, पण पाठलाग नको

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही दापोलीजवळ डॉल्फिन पाहायला होडीतून गेलो होतो. सासूबाईंचं वय 71, गुडघे दुखतात. त्यांना गुडघाभर पाण्यातून चालवत नेलं आणि दोघांनी उचलून होडीत बसवलं. आत सात-आठ होड्या एकाच जागी जमलेल्या, मशिनींचा आवाज आणि धूर. पाठीचा काळा तुकडा एकदा दिसला, तेवढाच. सासूबाईंना उलट्या झाल्या, धाकटा रडायला लागला. यंदा पुन्हा कोकणात जातोय. मुलांना डॉल्फिन दिसावा आणि आईंचेही हाल होऊ नयेत, असं काही जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल. या वेळी होडी सोडा आणि तर धरा. खाडी उतरून जायच्या जागेला आमच्याकडे तर म्हणतात. माझं लहानपण दाभोळच्या तरीवर गेलं. वडील पलीकडे धोपाव्याला मास्तर होते आणि सुटीच्या दिवसांत मला होडीतून सोबत न्यायचे. खाडीच्या मध्यावर आलो की ते बोलणं थांबवायचे, मलाही गप्प बसवायचे. मग कधीतरी जवळच पाण्यातून ‘फूस्स’ असा श्वास ऐकू यायचा आणि वडील हळूच म्हणायचे, ‘गादा आला.’ आमचे मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. मी तो आधी कानांनी ओळखला, डोळ्यांनी नंतर. तुम्ही गेलात त्या दिवशी इतक्या मशिनी चालू होत्या, की हा श्वास तुमच्यापैकी कुणालाच ऐकू आला नसणार.

आता दाभोळ ते धोपावे गाड्या नेणारी फेरीबोट आहे, 2003 पासून. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. ही बोट रुंद आणि सपाट तळाची, त्यामुळे छोट्या होडीसारखी हेलकावत नाही. आई गाडीतूनच बोटीवर येतील, पाण्यात पाय घालायची वेळ येणार नाही. मात्र त्यांना काचा लावून गाडीत बसवून ठेवू नका. बंद गाडीत पोट जास्त ढवळतं. वाऱ्यावर, कठड्याजवळ बसवा आणि नजर दूरच्या किनाऱ्यावर ठेवायला सांगा. सकाळी तेलकट नको, पण रिकामं पोटही नको. मऊभात किंवा दोन घास भाकरी, खिशात आलेपाकाची वडी. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी.

वेळ मात्र सांभाळा. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं पडलेलं असतं. अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटांना पांढरे तुरे येतात आणि त्यांत गाद्याचा पर, म्हणजे पाठीवरचा कल्ला, ओळखणं मलाही जड जातं. म्हणून आठ-साडेआठची फेरी घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. भरतीचा हिशेब आमच्याकडे सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता साधारण भरती. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी जोराची, उधाणासारखी ओढ नसते. तो दिवस धरलात तर पाणी उतरत असताना तुम्ही खाडीत असाल आणि कडेचा चिखल उघडा पडू लागला की त्यावर बगळे, तुतवार उतरलेले दिसतील.

फेरीवरून गादा दिसेलच असं वचन मी देणार नाही, कुणी दिलं तर घेऊ नका. पण जागा त्याचीच आहे. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते आणि बोयसारख्या माशांच्या मागे गादा खाडीच्या तोंडाशी येतो. तो उथळ पाण्यातला, किनाऱ्याला धरून राहणारा प्राणी. मुलांना आधीच सांगून ठेवा की हा सिनेमातल्यासारख्या उड्या मारत नाही. आधी लांब चोच, मग कुबडासारखी पाठ आणि तिच्यावर छोटासा पर, खोल बुडायचा असेल तर शेवटी शेपूट. तीन-चार सेकंदांचा खेळ. पाण्यावर सुरय पक्षी एकाच जागी सूर मारत असतील तर नजर तिथेच ठेवा. खाली मासे आहेत, आणि मासे आहेत तिथे गादाही असू शकतो. वर मान केलीत तर काकण दिसेल, पांढऱ्या पोटाचा आमचा समुद्रगरुड.

पलीकडे उतरलात की अंजनवेलला टाळकेश्वराच्या देवळाजवळ जा. तिथून दीपगृह आणि उघडा समुद्र दिसतो. आईंना सावलीत बसवा, मुलांच्या हातात दुर्बीण द्या आणि तासभर तिथून हलू नका. मला तिथून गादे होडीपेक्षा चांगले दिसले आहेत, कारण वरून पाहणाऱ्याला ते घाबरत नाहीत.

तरीही मुलांनी होडीचा हट्ट धरला तर पैसे ठरवतानाच तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, सांगा : दादा, दिसला नाही तरी पूर्ण पैसे देऊ, पण पाठलाग करू नका. हे बोलणं फार महत्त्वाचं आहे. गिऱ्हाईक ‘दाखवलं नाही, पैसे नाही’ म्हणतं, म्हणून ते मशीन पळवतात. गादा आवाजाच्या आधाराने मासा शोधतो, आपल्या पिलाला हाक मारतो. आठ मशिनींच्या मध्ये आईला पिलू सापडत नाही, याची मला फार काळजी वाटते. पन्नासेक मीटरवर मशीन बंद करून थांबलात, तर बरेचदा तोच कुतूहलाने जवळ येतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. तांडेलाला हेही सांगा, पण गोडीने.

प्रश्न : आम्ही मांडव्याच्या बोटीतून जाताना पांढऱ्या पक्ष्यांना गाठ्या टाकल्या. आजोबा म्हणाले पुण्य लागतं, बाई म्हणाल्या टाकू नये. कोणाचं खरं?
– इयत्ता सहावी, ठाणे

उत्तर : बाळा, आजोबांची माया खरी, पण या वेळी बाईंचं ऐक. ते कुरव. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी जन्मतात आणि थंडीत इतक्या लांब आपल्याकडे येतात. परतीच्या प्रवासाला त्यांना मासे, खेकडे, किडे हवेत. तळलेल्या बेसनाने नुसतं पोट भरतं, अंगात ताकद येत नाही. पुढच्या वेळी गाठ्या तू खा आणि त्यांची डोकी बघ. हिवाळ्यात डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे एक काळा ठिपका. मार्चमध्ये पुन्हा गेलास तर काहींची डोकी तपकिरी व्हायला लागलेली दिसतील. किती मोजलेस ते मला कळव.